शाबूत काचेची साक्ष

मी एक जुनी काचेची पट्टी आहे. वीतभर लांब, दोन बोटे रुंद. आता माझे दोन तुकडे झाले आहेत, तरी आठवण एकच राहिली आहे. मित्रांनो, मी कधी खिडकीत बसले नाही. माझ्यात कुणी तोंड पाहिले नाही, की माझ्याआड कुठल्या देवाची तसबीर राहिली नाही. मला एका भिंतीवर साक्षीला उभे केले होते. ती साक्ष मी कशी दिली, ते तुम्हांला सांगते.

माझा जन्म भट्टीत झाला. वाळू, सोडा आणि चुनखडी वितळून लालबुंद रस झाला, आणि तो रस आम्हांला फार सवड न देता थंड करण्यात आला. मिठाच्या खड्यात कण रांगेने बसलेले असतात. लोखंडातही त्यांची ओळ असते. माझ्यात तसे नाही. जत्रेतल्या गर्दीसारखा जो कण जिथे होता, तो तिथेच थिजला. बाहेरून मी गुळगुळीत दिसते, पण आत सगळी दाटी आणि गोंधळ आहे. अशा वस्तूला ताणले तर ती आधी केसभर वाकते, सोडली की सरळ होते. ताण हद्दीबाहेर गेला की मात्र ती हळूहळू मोडत नाही. एका क्षणात मोडते.

तावदानांच्या पेटीतून मी महाडला आले. चवदार तळ्याजवळच्या गल्लीत चांगू नावाच्या काचवाल्याचे दुकान होते. १९६३ सालच्या वैशाखात त्याच्याकडे पोतनीस नावाचे एक ओव्हरसियर आले. वरंधकडे जाणाऱ्या घाटरस्त्याचा एक तुकडा त्यांच्या देखरेखीखाली होता. त्यांनी सहा सारख्या पट्ट्या मागितल्या. चांगूने एका उरलेल्या तावदानावर काच कापायची हिरकणी फिरवली, आणि आम्ही सहा बहिणी वेगळ्या झालो. मला उजेडात धरून तो म्हणाला, "साहेब, हिच्यात एक बुडबुडा नाय. हिच्यावर खुशाल भरवसा ठेवा."

ती माझी पहिली स्तुती. मला तिचा फार अभिमान वाटला होता.

घाटात हेदकोंड नावाच्या वाडीखाली रस्ता रुंद करण्यासाठी ठेकेदाराने दोन वर्षांपूर्वी डोंगराचा पायथा कापला होता आणि तिथे दगडी भिंत बांधली होती. त्या भिंतीला आता उभ्या भेगा गेल्या होत्या. पोतनिसांनी माझ्या पाच बहिणी त्या भेगांवर आडव्या ठेवून दोन्ही टोकांना सिमेंटचे गोळे दाबले. भिंत केसभर सरकली तरी काच मोडेल, आणि डोंगर हलतो आहे हे कळेल, असा त्यांचा हिशेब होता. मी एकटी त्यांच्या पिशवीत उरले.

तेवढ्यात हंडा घेऊन एक बाई खाली आली. तिचे नाव राहीबाई. वय पस्तिशीचे. तिचा नवरा भागोजी मुंबईला गोदीत होता, आणि ती सासऱ्याबरोबर वाडीत राहून शेती करत होती. तिने काचा बघितल्या आणि विचारले, "साहेब, ह्या कशाला लावल्यात?"

पोतनिसांनी सांगितले. मग ती म्हणाली, "माज्या घराचं दार शिमग्यापास्नं लागत नाय. चौकट वाकडी झालीया. आनि आमचा झरा जांभळीखाली व्हता, तो आटला आनि पार खाली फुटलाय. तिकडं पन काच लावाल का?"

रस्त्याच्या कडेला डांबराची पिंपे पडली होती. एका फुटक्या पिंपातून पोतनिसांनी डांबराचा खडा उचलला आणि दगडावर ठेवून हातोडा घातला. खड्याच्या काचेसारख्या ठिकऱ्या उडाल्या. मग त्यांनी तिला पिंपाची दुसरी बाजू दाखवली. तिथून तेच डांबर गेल्या आठवड्याभरात जिभेसारखे बाहेर आले होते.

"बाई, हातोडा मारला तर हे दगडासारखं फुटतं," ते म्हणाले, "आणि नुसतं ठेवलं तर वाहतं. डोळ्यांना दिसत नाही, पण वाहतं. डोंगराची मातीही काहीशी अशीच असते. आपल्याला ती घट्ट वाटते. आत मात्र नुसते दगडगोटे आणि कण, कसेही एकमेकांना अडकून बसलेले. पायथा कापला की ते एकमेकांवरून सरकायला लागतात. वर्षानुवर्षं सरकतील, किंवा एका दुपारी सगळे एकदम सुटतील."

"ते कसं वळखायचं?"

"कण वेगाने सरकायला लागले की. किती सरकले, यापेक्षा रोज किती जास्त सरकतात, तिकडे लक्ष ठेवायचं."

मग ते तिच्यामागून वाडीत चढले, आणि पिशवीतून मीही.

हेदकोंडात अकरा घरे होती. वाडीच्या वर भाताच्या खाचरांत एक भेग पडली होती. पाचोळ्याने ती भरून गेली होती, म्हणून कुणाच्या नजरेत भरत नव्हती. पोतनिसांनी तीत काठी घातली, ती कोपरभर आत गेली. काठी बाहेर काढून ते बराच वेळ तिच्या ओल्या टोकाकडे पाहत राहिले. कडेची ऐनाची झाडे बुंध्यापाशी खालच्या अंगाला कलली होती आणि वर जाऊन पुन्हा सरळ झाली होती. म्हणजे जमीन आजकालची सरकत नव्हती.

राहीबाईचा सासरा कुशाबा हा त्या वाडीचा गावकार होता. त्याच्या शब्दाबाहेर वाडीत कुणी जात नसे. त्याने वडिलांबरोबर दगड वाहून ती खाचरे बांधली होती. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, उन्हाळ्यात जमीन तडकते आनि पावसात मिटते. माज्या बापानं हेच बघितलं, मी बी हेच बघत आलोय."

"मिटली तर चांगलंच आहे," पोतनीस म्हणाले. "पण एक काच लावून ठेवतो."

राहीबाईच्या घराचे जोते दगडी होते आणि वरची भिंत मातीची. भेग जोत्यातून निघून भिंतीत वर चढली होती. पोतनिसांपाशी सिमेंट मूठभरच उरले होते. राहीबाईला येताजाता दिसावी म्हणून त्यांनी मला तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, मातीच्या भिंतीवर लावले. गिलावा वरवर खरवडला आणि दोन गोळे दाबले. मित्रांनो, त्यांची चूक झाली ती एवढीच. मला जोत्याच्या दगडावर लावायला हवे होते.

जाताना ते म्हणाले, "ही मोडली की माणूस पाठवून लगेच कळवा. मोडली नाही तर घाबरू नका."

या बोलण्याचा पहिला भाग फक्त राहीबाईने लक्षात ठेवला. दुसरा भाग मात्र सगळ्या वाडीच्या तोंडी झाला.

माझा मान वाढला. लोक मला बघायला येत. शेजारची म्हातारी ठमाबाई एकटीच राहत असे. चार शेळ्या हेच तिचे घरदार. तिने माझ्यावर हळदीकुंकवाचे बोट लावले आणि म्हणाली, "बाय, आमची राखन कर गो." भेगेच्या धास्तीने ती शेळ्या घेऊन नाते गावी लेकीकडे गेली होती. 'काच शाबूत आहे' असा निरोप तिला कुणीतरी दिला, आणि आठ दिवसांत ती परत आली.

सुरुवातीला भिंत मला ओढत होती. आतले कण न् कण ताणले जात होते, मी केसभर वाकले होते. आषाढाच्या मध्यावर मात्र एका सकाळी तो ताण अचानक नाहीसा झाला. मी सरळ झाले. मला वाटले, डोंगर थांबला. मी आनंदले.

डोंगर थांबला नव्हता. ओलीने फुगून माझ्या डाव्या टोकामागचा गिलावा भिंतीपासून सुटला होता. सिमेंटचा गोळा माझ्याशी घट्ट होता, गिलाव्याचा पापुद्रा गोळ्याशी घट्ट होता, पण त्यामागे पोकळी होती. भिंत सरकत राहिली आणि मी एका टोकावर लटकत राहिले. हे मला समजले तेव्हा मोडावे असे फार वाटले. पण काच आपल्या मनाने मोडत नाही. तिला कुणी ताणावे लागते, आणि मला आता ताणणारे कुणी नव्हते.

रोज सकाळी कुशाबा अंगणात येई, माझ्याकडे बोट दाखवी आणि म्हणे, "बघा, काच शाबूत हाय." लोक मान डोलावून लावणीला जात. ते शब्द कानावर पडले की मला ठमाबाईच्या कुंकवाचा भार वाटे.

श्रावण लागला. मिठासाठी पोलादपूरला निघालेला हरिबा अर्ध्या वाटेवरूनच भिजून परत आला. हा हरिबा म्हणजे ठमाबाईचा पुतण्या. ओटीवर बसून त्याने सांगितले, "नाल्यावरचा रस्ता तुटलाय. गाडी नाय, मानूस नाय. आनि खालच्या दगडी भिंतीवरल्या पाचीच्या पाची काचा मोडल्यात."

पोतनिसांनी त्या काचा रोज बघायला एक मजूर नेमला होता. रस्ता बंद झाल्यावर तोही आपल्या गावी निघून गेला होता. माझ्या बहिणींनी खरी साक्ष दिली होती, पण ती बघायला तिथे कुणीच उरले नव्हते.

कुशाबा म्हणाला, "खालची भिंत ठेकेदाराची, ती कच्चीच. आपली काच मोडली काय? नाय ना. मंग वरचा डोंगर पक्का हाय."

राहीबाई उठून माझ्यापाशी आली. खाली पाच मोडल्या आणि ही एक कशी मोडत नाही, एवढेच तिच्या मनात आले असावे. तिने माझ्या डाव्या गोळ्याला बोट लावले. गोळा हलला. तिने विळ्याने कडेचा गिलावा खरवडला तसा तो पापुद्र्यासकट तिच्या हातात आला, आणि मागच्या भेगेत तिची चार बोटे मुळापर्यंत गेली.

तिने हात मागे घेतला आणि पदराला पुसला.

मला तिने उपसून कोनाड्यात ठेवले. मग भाताचे दाणे घेऊन ती जोत्यापाशी बसली. दगडांच्या फटीत तिने या कडेपासून त्या कडेपर्यंत एकापुढे एक दाणे मांडले. तीन मावले. संध्याकाळी चार मावले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा, आणि दुपारी नऊ. झऱ्याचे पाणी त्या दिवशी तांबडे आले होते, आणि वाडीतली जनावरे गोठ्यात बसायला तयार नव्हती.

ती सासऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. आजवर ती त्याच्याशी असे कधी बोलली नव्हती.

"मामंजी, आजच्या आज सगळ्यांनी उठाया पायजे. पलीकडच्या कातळाच्या सोंडेवर जाऊया."

"भर लावणीत? पावसात? पोरंबाळं घेऊन?"

"काच खोटी ठरली. तिच्या मागची माती सुटली व्हती. भेग मी हातानं बघितली."

"साहेबानं सांगितलं, मोडली नाय तर घाबरू नका."

"साहेबाला माती फसवून गेली. तुमी सांगितल्याबिगर वाडी हलनार नाय, मामंजी. म्हनून तुमच्याकडं आलेय."

कुशाबाने मान फिरवली. ही जमीन सोडायची म्हणजे बापाचे हात सोडायचे, असे त्याला वाटत असणार. तो हट्टी होता, पण वाईट नव्हता. खालच्या आवाजात तो म्हणाला, "उद्या बघू."

तेव्हा राहीबाईने कोनाड्यातून मला काढले. माझ्या दोन्ही टोकांचे गोळे तिने दगडावर आपटून सोडवले. जोत्याच्या दोन दगडांमधली फट एका ठिकाणी अजून अरुंद होती. तिथे तिने मला माझ्या दोन बोटांच्या रुंदीने आडवे दाबून बसवले, इतके घट्ट की दोन्ही बाजूंचे दगड मला टोचत होते. खाली पायरीचा दगड होता. मग तिने सासऱ्याचे ताट आणून त्याच्यापुढे ठेवले.

"तुमी जेवा. जेवून होईस्तोवर ही जागेवर राहिली, तर मी परत बोलनार नाय."

कुशाबा जेवू लागला. त्याची नजर ताटावर नव्हती, माझ्यावर होती. मित्रांनो, दोन्ही बाजूंचे दगड माझ्यापासून दूर जात असलेले मला कळत होते. आधी उजवीकडचे टोचणे गेले. मग डावीकडचे. कुशाबाचा दुसरा घास तोंडाशी होता, तेव्हा मी सुटले, पायरीवर पडले आणि माझे दोन तुकडे झाले.

आवाज फार नव्हता. पण कुशाबाने घास ताटात परत ठेवला, हात धुतला आणि सरळ गोठ्यात गेला. बैलांचे कासरे सोडून तो अंगणात उभा राहिला आणि त्याने वाडीला हाक दिली.

"घरं सोडा. भांडीकुंडी घेऊ नका. पोरं घ्या आनि सोंडेवर चला."

कुणी वाद घातला नाही. राहीबाईने माझे तुकडे उचलून ओटीत खोचले. धावपळीत कुणाच्या अनवाणी पायात जाऊ नयेत, एवढ्यासाठीच. घाईतसुद्धा तिला ते सुचले.

लोक सोंडेवर पोचले. तिथे उघडा कातळ होता, त्याला माती चिकटलेली नव्हती. मोजणी झाली, तेव्हा ठमाबाई नव्हती. तिच्या चारांतल्या दोनच शेळ्या वर आल्या होत्या, आणि उरलेल्या दोन आणायला ती मागे वळली होती. हरिबा खाली धावणार, तेवढ्यात कुशाबाने त्याचा दंड पकडला. हरिबा धडपडला, पण म्हाताऱ्याने हात सोडला नाही.

आधी काही ऐकू आले नाही. फक्त ऐनाची झाडे उभीच्या उभी चालू लागली. खाचरे, त्यांचे बांध, मधले गोठे, सगळे आपापल्या जागा न सोडता खाली निघाले. क्षणभर ती वाडी कुणीतरी ताटासकट उचलून नेल्यासारखी दिसली. मग ताट फुटले. माती, दगड, छपरे एकमेकांत मिसळली आणि डांबरासारखी जाड, तांबडी लाट खालच्या रस्त्यावरून दरीत उतरली. आवाज आला तो त्यानंतर, आणि मग तो बराच वेळ थांबला नाही. ऐन दुपार होती, पण त्या उडालेल्या चिखलात आणि पावसात अंधारून आले.

ठमाबाई सापडली नाही.

तिसऱ्या दिवशी पोतनीस नाला ओलांडून पायी आले. जिथे वाडी होती तिथे ओली, तांबडी घसरण होती, तिच्यावर उभे राहायलाही जागा नव्हती. सोंडेवर लोकांनी पळसाची पाने आणि घोंगड्या बांधून आडोसे केले होते. पोतनिसांनी माणसे मोजली, नावे लिहून घेतली, आणि ठमाबाईच्या नावापाशी त्यांचा हात थांबला. राहीबाईने ओटीतून माझे तुकडे काढून त्यांच्या हातात दिले.

"मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "मोडली नाही तर घाबरू नका, असं मीच म्हणालो होतो."

राहीबाई त्यांना दोष द्यायला उभी राहिली नव्हती. तरी जे होते ते तिने सांगितले. "तुमी काचेवर लक्ष ठेवाया सांगितलंत, साहेब. आमी ठेवलं. काच जिच्यावर व्हती त्या मातीवर कोन लक्ष ठेवनार व्हतं?"

कुशाबा पलीकडे बसला होता. सगळ्या वाडीसमोर तो म्हणाला, "ठमाबाय नात्याला लेकीकडं सुखी व्हती. काच शाबूत हाय म्हनून ती परत आली. ते मी रोज वरडून सांगत व्हतो. साहेब, कागदावर लिवायचं तर माजं नाव लिवा."

पोतनिसांनी कुणाचेच नाव लिहिले नाही. मला त्यांनी रुमालात बांधले.

हेदकोंडचे लोक पुढे खालच्या सपाटीवर वसले. पोतनीस मात्र दर उन्हाळ्यात मला पिशवीत घालून घाटाच्या दुसऱ्या वाड्यांत जातात. आता ते आधी गिलावा दगडापर्यंत खणतात आणि मगच नवी पट्टी लावतात. माझे तुकडे लोकांच्या हातांत देतात. कुणी मला उलटेसुलटे करून बघते, कुणी हसते. गेल्या वर्षी रंगूबाई नावाच्या एका बाईने त्यांना विचारले, "ही मोडली तर कळवायचं, हे समजलं. पन मोडलीच नाय तर?"

"मोडली नाही, तर तिच्यामागं बोट घालून बघा," पोतनीस म्हणाले. "रोज."

मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. भिंतीवर, दारावर, पुलावर कुठेही माझ्यासारखी एखादी वस्तू शाबूत दिसली, तर तिची स्तुती करून पुढे जाऊ नका. ती कशाला धरून उभी आहे ते हात लावून बघा. डोंगराचा पायथा कापणाऱ्याला थांबवता आले तर थांबवा. आणि कुणी बाई येऊन सांगू लागली की झऱ्याने जागा बदलली आहे, तर हातातले काम टाकून तिच्यामागून चढा.

रंगूबाईचे पत्र काल आले. शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेतलेले, दोनच ओळींचे. काच शाबूत आहे, पण मागे बोट जाते.

पोतनीस सकाळीच निघाले आहेत. पिशवीत मी आहे, आणि पाऊस अजून दहा दिवस लांब आहे.